लॉगची जागा

शिडाच्या नौकेचा पाण्यातला वेग सांगणारे यंत्र म्हणजे लॉग. आजच्या बहुतेक लहान नौकांवर त्याचा पाण्यात राहणारा भाग म्हणजे तळाच्या भोकातून बाहेर डोकावणारे, बोटाच्या पेराएवढे एक चक्र असते. पाणी त्याच्या पाकळ्यांवर आदळते, चक्र फिरते, पाकळ्यांतले बारीक चुंबक आतल्या संवेदकासमोरून जातात आणि प्रत्येक वेळी विजेचा एक ठोका उमटतो. सर्रास वापरात असलेल्या एका प्रकारात एका सागरी मैलाला, म्हणजे १८५२ मीटरला, सुमारे २०,००० ठोके पडतात. दर नॉटमागे, म्हणजे ताशी एका सागरी मैलाच्या वेगामागे, सेकंदाला साडेपाचच्या आसपास. कॉकपिटमधले उपकरण हे ठोके मोजते आणि त्यांचा आकडा करून दाखवते. यापलीकडे त्या यंत्रात फारसे काही नाही.

अवघड आहे ते चक्र तळावर नेमके कोठे बसवावे हे ठरवणे. चक्राला नौकेचा वेग ठाऊक नसतो. त्याला स्वतःला लागून जाणारे पाणी तेवढे कळते, आणि ते पाणी नौकेच्या अंगाला घासून, तिच्या नाळेने फाकवून, तिच्या लाटेने उचलून-खाली सोडून तेथवर आलेले असते. त्यामुळे एकाच नौकेवर दोन जागी दोन चक्रे बसवली तर ती एकाच क्षणी दोन वेगळे आकडे सांगतात. दोन्ही यंत्रे निर्दोष असतात. फरक असतो तो जागेचा.

जीपीएस आल्यावर लॉगची गरज उरली नाही, असे अनेकांना वाटते. हा समज नौकेला महाग पडतो. जीपीएसचा वेग जमिनीच्या हिशेबाने असतो, लॉगचा पाण्याच्या हिशेबाने, आणि शिडे, सुकाणू व कील यांचे सारे काम पाण्याशी असते. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत पाच मीटरपर्यंत फरक पडतो. तेवढे पाणी आत-बाहेर करताना बंदरात दोन-दोन नॉटांचा ओढा सहज असतो. ओहोटीबरोबर बाहेर पडणाऱ्या नौकेवर जीपीएस सात नॉट दाखवत असेल, तेव्हा लॉग पाच दाखवतो. शीड नीट ताणले आहे का, तळ घाण झाला आहे का, याचा निवाडा त्या पाचावर करायचा असतो. उरलेले दोन पाण्याने दिलेले आहेत, आणि दोन्ही आकडे समोर असल्याशिवाय ते दोन आहेत हेसुद्धा कळत नाही.

वाऱ्याच्या उपकरणाला तर लॉगवाचून पुढे जाताच येत नाही. डोलकाठीच्या टोकावरचे यंत्र चालत्या नौकेला जाणवणारा वारा मोजते. त्यातून नौकेचा वेग वजा केला की खरा वारा निघतो. दहा नॉटांच्या वाऱ्याशी ४२ अंशांचा कोन धरून नौका सहा नॉटांनी जात असताना लॉग दहा टक्के कमी बोलला, तर खऱ्या वाऱ्याचा कोन दोन अंशांनी चुकतो. शर्यतीत दोन अंशांवर टॅक घ्यावा, म्हणजे वारा दुसऱ्या अंगाला घेऊन वळावे, की थांबावे याचा निर्णय फिरतो. लांबच्या सफरीत चूक साचत जाते: सहा नॉटांनी चोवीस तासांत १४४ मैल होतात, आणि पाच टक्क्यांच्या चुकीने नकाशावरची अंदाजी जागा सात मैलांनी सरकते.

जागेचा विचार पाण्याच्या वागण्यापासून सुरू होतो. हलच्या, म्हणजे नौकेच्या कवचाच्या, पृष्ठभागाला अगदी चिकटलेले पाणी हलबरोबरच चालते. तेथे हलच्या तुलनेत त्याचा वेग शून्य असतो. पृष्ठभागापासून दूर जावे तसा तो वाढतो आणि काही अंतरावर पूर्ण होतो. मधल्या या मंदावलेल्या थराला सीमास्तर म्हणतात. नाळेपाशी तो नगण्य असतो, मागे सरकताना जाड होत जातो. सपाट पत्र्यासाठी वापरतात तो हिशेब येथे लावला, तर सहा नॉटांच्या वेगाला नाळेपासून तीन मीटरवर सीमास्तराची जाडी साडेचार सेंटिमीटर भरते आणि सहा मीटरवर आठ सेंटिमीटरच्या जवळ जाते. चक्र तळाबाहेर सेंटिमीटरभर येते. म्हणजे ते कोठेही बसवले तरी मंदावलेल्या पाण्यातच फिरणार. तीन मीटरवर त्याच्या वाट्याला खऱ्या वेगाचे सुमारे ऐंशी टक्के येतात, सहा मीटरवर जेमतेम पंचाहत्तर. खरा हल सपाट पत्रा नसतो, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण कल हाच राहतो: चक्र जितके मागे, तितके ते जाड आणि अस्थिर थरात. तळावर शेवाळ धरले की थर आणखी जाडावतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला नीट बोलणारा लॉग अखेरीस मागे पडलेला आढळतो, आणि चक्र काढून कितीही साफ केले तरी सुधारत नाही. दोष त्याच्या पुढच्या तळावर असतो.

सीमास्तराबाहेरचे पाणीही मूळ वेगाचे राहिलेले नसते. नाळ पाणी फाकवते तेथे ते अडते आणि मंदावते. नौकेचे पोट रुंद होत जाते तशी त्याच पाण्याला तिच्या बाजूने जायला जागा कमी उरते, म्हणून ते वेग घेते. यावर नौकेने स्वतः उठवलेल्या लाटेची भर पडते. पाणरेषेवर नऊ मीटर लांबीच्या नौकेला सव्वासात नॉटांच्या आसपास असा वेग येतो, की तिच्या लाटेची लांबी तिच्या स्वतःच्या लांबीएवढी होते: एक माथा नाळेशी, दुसरा मागे आणि मध्ये खळगा. लाटेच्या माथ्याखालचे पाणी लाटेच्या दिशेने सरकते, खळग्याखालचे उलट. त्यामुळे नौकेच्या मध्यावर बसलेल्या चक्राला त्या वेगाला पाणी अधिक जोराने मागे जाताना भेटते आणि ते फुगवून सांगते. तीन नॉटांना अशी लाट नसते, म्हणून तेथे फुगवटाही नसतो. एकाच गुणकाने लॉग सगळ्या वेगांना बरोबर येत नाही, याचे हे एक मोठे कारण.

नौकेजवळचे पाणी विश्वासाचे नाही, ही गोष्ट जुन्या खलाशांना पक्की ठाऊक होती. दोरीला लाकडी फळी बांधून मागे सोडायची आणि वाळूच्या घड्याळावर दोरीच्या गाठी मोजायच्या, ही रीत विल्यम बोर्न याच्या १५७४ सालच्या पुस्तकात वर्णिलेली आहे. पुढे २८ सेकंदांचे घड्याळ आणि ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ असे प्रमाण रूढ झाले. गाठी सुरू होण्याआधी दोरीचा एक लांब कोरा तुकडा ठेवलेला असे. जहाजाने घुसळलेल्या पाण्यातून फळी मागे पडून निवांत पाण्यात पोहोचेपर्यंत तो सुटू द्यायचा आणि मगच घड्याळ उलटायचे. एडवर्ड मॅसी याने १८०२ साली पेटंट घेतलेला लॉग आणि १८८४ सालचा वॉकरचा ‘चेरब’ लॉग यांनीही हेच सूत्र पाळले: फिरकी लांब दोरीवर, नौकेच्या मागे, तिच्या उपद्रवापासून दूर. दोरीत शेवाळ गुंतणे, मोठ्या माशाने फिरकी तोडून नेणे असा त्रास त्यात होता, पण फिरकीभोवतीचे पाणी प्रामाणिक होते. तळाला चिकटलेल्या चक्राने सोय मिळवली आणि ते पाणी गमावले. चक्राची जागा निवडणे म्हणजे त्या कोऱ्या दोरीची भरपाई शोधणे होय.

पूर्ण भरपाई होत नाही, म्हणून मागणी बदलावी लागते. चक्र किती चुकते हे फार महत्त्वाचे नाही. वीस टक्के कमी सांगणारे चक्र एका गुणकाने ताळ्यावर येते. ते रोज, दोन्ही टॅकवर, सपाट पाण्यात आणि लाटांत तेवढेच चुकते का, हे महत्त्वाचे. डाव्या टॅकवर पाच टक्के जास्त आणि उजव्यावर पाच टक्के कमी सांगणाऱ्या लॉगची सरासरी बिनचूक असली तरी तो निरुपयोगी आहे. प्रत्येक टॅकनंतर खऱ्या वाऱ्याचा कोन दोन अंशांनी बदलल्याचा भास तो निर्माण करतो. तेव्हा जिथे चूक सर्वांत कमी अशी जागा शोधण्यापेक्षा जिथे चूक सर्वांत स्थिर अशी जागा शोधावी. पुढचे सगळे नियम यातून निघतात.

फिन कीलच्या, म्हणजे तळाखाली पंखासारखी आखूड कील असलेल्या, नौकेसाठी, आणि आजच्या बहुतांश क्रूझर व रेसर याच जातीच्या आहेत, ती जागा म्हणजे मध्यरेषेवर किंवा तिच्या शक्य तितक्या जवळ, कीलच्या पुढच्या कडेपासून ३० ते ६० सेंटिमीटर पुढे. दोन्ही आकड्यांना कारण आहे. कील म्हणजे पाण्यात उभा धरलेला पंख. वाऱ्याकडे तोंड करून जाताना नौका तीन ते पाच अंश वाऱ्याआड सरकत असते, आणि तेवढ्या तिरप्या प्रवाहातून कील आपला आडवा जोर मिळवते. पंख जोर धरतो तेव्हा त्याच्या पुढचे पाणीही आधीच वाकलेले असते. चक्र कीलच्या अगदी तोंडाशी असले तर त्याला हे वाकलेले पाणी आडवे भेटते. शिवाय कीलची पुढची कड पाणी अडवते आणि कील जिथे हलला मिळते त्या कोपऱ्यात भोवरे तयार होऊन कीलच्या दोन्ही बाजूंनी मागे वाहतात. या सगळ्यापासून हातभर पुढे गेले की त्रास झपाट्याने ओसरतो.

मग आणखी पुढे, नाळेकडे का जाऊ नये? तेथे तर सीमास्तर पातळ असतो. पण पुढे जावे तसा तळ अरुंद व उभट होतो आणि लाटांत वर उचलला जातो. नौका लाटेवरून आपटते तेव्हा नाळेखालचा भाग हवेत येतो आणि परत बुडताना बुडबुड्यांचा लोट घेऊन जातो. हवेत आलेले चक्र आपल्याच जोरावर फिरत राहते, बुडबुड्यांत ते अडखळते, आणि आकडा चार ते आठ यांमध्ये उड्या मारू लागतो. पाणी सर्वांत चांगले असलेली जागा खवळलेल्या समुद्रात सर्वांत वाईट ठरते. नाळेपासून पाणरेषेच्या साधारण एक-तृतीयांशावर, डोलकाठीच्या थोडे पुढे, या दोन भयांमधला समझोता सापडतो. फिन कीलच्या पुढे हातभर अंतर मोजले तर अनेक नौकांवर बोट याच पट्ट्यात येते.

मध्यरेषेचा आग्रह कलण्यामुळे आहे. मध्यरेषेपासून ६० सेंटिमीटर बाजूला बसवलेले चक्र नौका ३० अंश कलली की एका टॅकवर ३० सेंटिमीटर वर येते आणि दुसऱ्यावर तेवढेच खाली जाते. पुढच्या भागात हलची खोली कित्येकदा एवढीच असते. म्हणजे एका टॅकवर ते पृष्ठभागाजवळच्या फेसात आणि दुसऱ्यावर खोल स्वच्छ पाण्यात. मध्यरेषेवरच्या चक्राला दोन्ही टॅक सारखे असतात, कारण त्याच्या डावीकडे जे आहे तेच उजवीकडे आहे. पाणी नाळेपासून दोन्ही बाजूंना पसरते, पण मध्यरेषेवर त्याला कोणत्याच बाजूला वळण्याचे कारण नसते. तेथे ते सरळ येते. रुंद, सपाट तळाच्या शर्यतीच्या नौकांवर कधी दोन चक्रे बसवत, दोन्ही बाजूंना एकेक, आणि नौका कोणत्या अंगाला कलली आहे हे ओळखणारा स्विच वाऱ्याआडचे, म्हणजे खोल असलेले चक्र निवडत असे. उपाय उत्तम आहे, पण भोके दोन होतात.

अगदी मध्यरेषेवर भोक पाडणे दर वेळी जमत नाही. तेथे लॅमिनेट दुप्पट जाड असते, कधी नाळेपासून आलेला कंगोरा असतो, कधी आत आडवा कणा. पाच-दहा सेंटिमीटर बाजूला सरकणे चालते. त्याहून अधिक सरकण्यापेक्षा थोडे पुढे-मागे व्हावे.

लांब कीलच्या नौकेला हा नियम लागत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईत सागवानात बांधलेली. तिच्यासारख्या नौकेत नाळेपासून सुकाणूपर्यंत एकच अखंड कील असते. मध्यरेषेवर सपाट तळ असा नसतोच. अशा नौकेवर चक्र मध्यभागाच्या आसपास, कीलपासून बाजूला, तळाचा उतार जिथे सर्वांत कमी आहे तिथे बसवतात. एका टॅकवर फरक पडणार हे येथे गृहीत धरावे लागते आणि तो मोजून उपकरणात भरावा लागतो. अशा नौका जड आणि खोल असल्यामुळे चक्र सहसा हवेत येत नाही, ही जमेची बाजू.

चक्राच्या पुढे तळावर काय आहे हेही पाहायचे असते. इंजिनच्या पाण्याचे तोंड, संडासाचा व्हॉल्व्ह, जस्ताचा अॅनोड यांपैकी काहीही पुढे असले तर त्याच्या मागची लकेर चक्रापर्यंत येते. खोली मोजणारा ट्रान्सड्यूसर तळाबाहेर उंचवट्यासारखा येत असेल तर तो चक्राच्या मागे किंवा बाजूला हवा, पुढे नको. खोली, वेग आणि तापमान एकाच भोकातून देणारे यंत्र घेतले तर एक भोक वाचते, पण मग खोली मोजणाऱ्या भागाचीही सोय बघावी लागते: त्याचा झोत खाली सरळ जावा, कीलवर आपटू नये आणि तळाचा उतार फार नसावा.

आतली बाजू बाहेरइतकीच महत्त्वाची, आणि हिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. चक्र साफ करण्यासाठी आतून उपसून काढावे लागते. त्यासाठी वर हात आणि यंत्र जाईल एवढी उंची हवी, नट फिरवायला जागा हवी, आणि तेथे पोहोचायला पाण्याची टाकी हलवावी लागू नये. पुढच्या केबिनच्या झोपण्याच्या फळीखाली, उघडणाऱ्या झाकणाच्या आत, ही जागा बहुधा सोयीची ठरते. गाद्या, शिडांच्या पिशव्या आणि नांगराची दोरी यांच्या तळाशी गाडलेले चक्र कोणी काढत नाही, आणि न काढलेले चक्र काही आठवड्यांत फिरणे बंद करते. गोदीत नौका उचलताना क्रेनचा पट्टा कोठे येतो हेही आधी पाहावे. पट्ट्याखाली आलेले चक्र एका उचलीत तुटते. म्हणून जाणते मालक डेकच्या कडेला पट्ट्याच्या जागेच्या खुणा करून ठेवतात.

जागा ठरली की भोक. हा क्षण टाळण्यासाठीच लोक वर्षानुवर्षे लॉगशिवाय फिरतात. भोक ५१ मिलिमीटरचे असते. आधी आतून तीन मिलिमीटरचे बारीक छिद्र पाडतात, कारण अडचण असते ती आत: कणा, नळी, फळीची कड. बाहेर येऊन ते टोक कोठे निघाले ते पाहायचे, कीलपासून टेप लावायची, मध्यरेषेपासून मोजायचे, नाळेकडे उभे राहून डोळ्याने पारखायचे. चुकले असेल तर तीन मिलिमीटरचे छिद्र इपॉक्सीने बुजते. पटले की बाहेरून होल-सॉ लावतात. पांढरी धूळ उडते, करवत गरम होऊन रेझिनचा वास सुटतो, आणि शेवटी एक चकती करवतीच्या पोटात अडकून येते. ती फेकू नये. तिच्या कडेवर हलचे सारे थर दिसतात: बाहेरचा जेलकोट, त्यावर काचतंतूंच्या विणी आणि, असलाच तर, मधला गाभा. हल किती जाड आहे, कसा बांधला आहे, हे मालकाला बहुधा त्या चकतीवरूनच पहिल्यांदा कळते.

गाभा निघाला तर काम वाढते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेल्या भारतीय नौदलाच्या ५६ फुटी ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी न थांबता २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचा हल लाकडी गाभ्यावर काचतंतू चढवून केलेला आहे. लाकूड, बाल्सा किंवा फोम यांपैकी कोणताही गाभा असलेल्या हलला भोक पाडले की गाभ्याची उघडी कड पाण्याला सामोरी येते. सीलंट आज घट्ट असेल, पाच वर्षांनी असेलच असे नाही, आणि एकदा पाणी गाभ्यात शिरले की ते भोकापासून दूरवर पसरते, गाभा कुजतो आणि पत्ता लागतो तो तळावर बोट मारल्यावर पोकळ आवाज आला की. म्हणून बाहेरची कातडी ५१ मिलिमीटरवर कापली तरी आतली कातडी आणि गाभा त्याहून नऊ ते बारा मिलिमीटर मोठे कापतात. मेण लावलेला लाकडी गोल मधोमध उभा करून भोवतालच्या कड्यात इपॉक्सी ओततात. इपॉक्सी घट्ट झाली की गोल काढून घेतात. मग पाण्याला गाभा भेटतच नाही, आणि नट आवळताना गाभा चिरडलाही जात नाही.

भोकात बसून चक्र धरून ठेवणाऱ्या नळकांड्याचा पदार्थ हलवरून ठरतो. काचतंतूच्या हलला प्लास्टिक किंवा कांसे दोन्ही चालतात. लाकडी नौकेला प्लास्टिक नको, कारण भिजून फुगलेले लाकूड ते तडकवते. तेथे कांसे, आणि भोक फळीच्या मधोमध, दोन फळ्यांच्या सांध्यावर नव्हे. अॅल्युमिनियमच्या हलला कांसे कधीही लावू नये, खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संगतीने अॅल्युमिनियम खाल्ले जाते. तेथे प्लास्टिक किंवा स्टेनलेस.

मुंबईत शिडाचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा चालतो आणि पावसाळ्यात नौका जमिनीवर काढून ताडपत्रीखाली ठेवतात, त्यामुळे असली कामे तेव्हाच निघतात. पॉलियुरेथेन सीलंटला दमट हवा मानवते, ते हवेतल्या ओलाव्यानेच पक्के होते. इपॉक्सीला मात्र ती घातक आहे. गाभ्याची कड ओतून बंद करायची असेल तर ती पाऊस सुरू होण्याआधी करावी किंवा कोरडी उघडीप पाहावी. अँटिफाउलिंग रंग चक्रालाही लावतात, पण पाण्यात मिसळणारा. कीटोन असलेला रंग प्लास्टिक खातो.

बसवताना नळकांड्याच्या डोक्यावरचा बाण नाळेकडे, मध्यरेषेला समांतर हवा. चक्र बाजूला असले तरी बाण हलच्या वळणाला नव्हे, मध्यरेषेलाच समांतर. पाच अंशांच्या चुकीने अर्ध्या टक्क्याहून कमी फरक पडतो, दहा अंशांच्या दीड टक्का. पण तिरके बसलेले चक्र नौका वाऱ्याआड सरकू लागली की एका टॅकवर आणखी तिरके होते आणि दुसऱ्यावर सरळ, म्हणजे टाळायची होती तीच असमानता परत येते. नट हाताने आवळून मग थोडासा पान्याने. सीलंटची कड सगळीकडून सारखी बाहेर आली की पुरे. नौका पाण्यात उतरवल्यावर पहिला दिवस-रात्र ती एकटी सोडू नये, भोकाशी हात लावून ओल पाहत राहावी.

वापर सुरू झाला की चक्राचा शत्रू एकच, वाढ. कोमट, चिखलट बंदराच्या पाण्यात बार्नॅकलची कणभर पिल्ले आसावर बसतात आणि चक्र गच्च होते. त्यामुळे मुक्कामी असताना चक्र काढून त्याजागी बंद बूच बसवण्याची सवय हवी. पहिल्यांदा हे करणाऱ्याचा श्वास अडकतो. कडी सुटते, यंत्र वर येते, आणि ज्या छिद्रात ते होते तेथून समुद्र उसळतो. अर्धा मीटर खोलीवरच्या अशा उघड्या छिद्रातून सेकंदाला अडीच लिटर पाणी येऊ शकते. नव्या नळकांड्यांत आपोआप मिटणारी झडप असते, ती हा लोट पुष्कळ रोखते, पूर्ण नाही. बूच आधीच डाव्या हातात धरलेले असावे, त्यावरच्या रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीस लावलेले असावे, आणि काढणे व घालणे एका दमात व्हावे. बादलीभर पाणी बिल्जमध्ये जाते, बस्स. ते पुसून चक्र मऊ ब्रशने घासतात आणि फुंकर मारून पाहतात; मोकळे चक्र फुंकरीवर भिरभिरते.

राहिले कॅलिब्रेशन. ठाऊक अंतर दोन्ही दिशांनी कापून लॉगचा आकडा तपासायचा. येथे एक चूक नेहमी होते: लोक वेळांची सरासरी काढतात. नौकेचा खरा वेग पाच नॉट आणि प्रवाह एक नॉट असेल, तर जाताना मैलाला दहा मिनिटे लागतात, येताना पंधरा. दोन मैलांना पंचवीस मिनिटे म्हणजे ४.८ नॉट, पण दोन्ही वेगांची, सहा आणि चारची, सरासरी पाच येते आणि बरोबर तीच आहे. प्रवाह बदलता असेल तर तीन फेऱ्या माराव्यात आणि मधल्या फेरीला दुप्पट वजन द्यावे. उधाणाचे दिवस टाळून भांगाला, पाणी थबकते त्या वेळी, सपाट समुद्रात इंजिनवर हे काम करावे. कमी वेगाला आणि पूर्ण वेगाला वेगवेगळे गुणक निघतील. चांगल्या उपकरणात वेगानुसार तक्ता भरता येतो. मग शिडांवर, सारख्या वाऱ्यात, दोन्ही टॅकवरचे आकडे लिहून घ्यावेत.

विद्युतचुंबकीय आणि ध्वनीवर चालणारे लॉग आता मिळतात. त्यांत फिरणारा भाग नाही, म्हणून ते गच्च होत नाहीत, आणि काही प्रकार नौका आडवी किती सरकते तेही सांगतात. पण तळाशी सपाट बसणारा संवेदक सीमास्तरातच असतो, कीलजवळचे वाकलेले पाणी त्यालाही वाकलेलेच दिसते. जागेचे नियम त्याने बदलत नाहीत.

दोन टॅकमधला फरक तक्त्याने भरून निघत नसेल, म्हणजे तो वाऱ्यागणिक आणि लाटेगणिक बदलत असेल, तर जागा चुकली आहे आणि चक्र हलवणे हाच इलाज. जुने भोक बूच मारून सोडत नाहीत. नळकांडे काढून, सीलंट खरवडून, भोवतालचा हल जाडीच्या बारा पट रुंदीपर्यंत उतरता घासतात. दहा मिलिमीटरच्या हलला भोकाच्या चारही बाजूंनी बारा सेंटिमीटर. मग इपॉक्सीत भिजवलेल्या काचतंतूच्या चकत्या एकावर एक, हल पूर्वीइतका जाड होईपर्यंत लावतात, सुकल्यावर फळीने घासून तळाशी सपाट करतात. मागे राहिलेला उंचवटा किंवा खड्डा नव्या चक्राच्या पुढे येणार असेल तर या घासण्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो.